विनयभंग शक्यतो हद्दीत करून घ्यावा

भगिनींनो, विनयभंग करून घ्यायची वेळ आलीच तर तो पुलाच्या मधोमध करून घेऊ नका. या टोकाला किंवा त्या टोकाला, जिथे कुणाच्या तरी नावाची ठळक पाटी असेल, तिथे जाऊन उभ्या राहा आणि मग काय व्हायचं ते होऊ द्या. मधोमध झालं तर ते कुणाच्याच हद्दीत होत नाही, आणि मुंबईत जे हद्दीत होत नाही ते झालेलंच नसतं.

हे ज्ञान मला गेल्या महिन्यात झालं. आमच्या स्टेशनचा जुना पूल पुढे स्कायवॉकला जोडलेला आहे. रेल्वेचा भाग संपून स्कायवॉकच्या लाद्या जिथे सुरू होतात तिथे एक पत्र्याची पट्टी ठोकली आहे. तिचा एक स्क्रू निघालाय, त्यामुळे पाय पडला की ती खडखडते. संध्याकाळी सातच्या गर्दीत बरोबर त्या पट्टीवर एका इसमाने माझ्या छातीला हात घातला. मी त्याचा शर्ट धरला, पण तो झटका देऊन सुटला आणि जिन्याने खाली गेला. आजूबाजूच्यांनी मोठ्या समजूतदारपणे आम्हाला वाट करून दिली, आधी त्याला आणि मग मला.

रेल्वे पोलिसांच्या चौकीतले गृहस्थ फार सभ्य. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "मॅडम, पत्र्याच्या अलीकडे झालं की पलीकडे?"

म्हटलं, पत्र्यावरच झालं. एक पाय अलीकडे होता, एक पलीकडे.

"मग तो कुठे उभा होता?"

तो मागून आला.

"म्हणजे स्कायवॉकवरून आला. मग सिटीत जा. आमच्याकडे नाही येत ते."

मी सिटी पोलिसांच्या ठाण्यात गेले. तिथे ठाणे अंमलदारांनी एक कोरा कागद घेऊन मला पुलाचं चित्र काढायला लावलं. मी काढलं. जिनेसुद्धा काढले. ते चित्र त्यांनी शेजारच्या हवालदाराला दाखवलं, दोघांनी मान हलवली आणि निकाल दिला, "ताई, पूल रेल्वेचाच. खांब बघा ना कुणाचे आहेत." खांबावरून विनयभंगाची हद्द ठरते हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हालाही नसेल, म्हणून सांगून ठेवते. घरातून निघताना खांब बघून निघा.

आता यात गंमत अशी की रेल्वे पोलीस आणि सिटी पोलीस हे दोन वेगळे देश नाहीत. दोन्ही महाराष्ट्र पोलीसच. खाकी तीच, गृहखातं तेच, मंत्रीही तोच. दुसरी गंमत अशी की 1 जुलै 2024 पासून देशात जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या 173 व्या कलमात स्वच्छ लिहिलंय की दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलिसांनी स्वतःहून करायचा असतो तो, कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती घेऊन कोणी ठाण्यात आलं तर ती लिहून घ्यायची. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. आधी नोंदवा आणि मग ज्याची हद्द असेल त्याच्याकडे पाठवा. फिरायचं ते कागदाने, बाईने नाही. त्याच्याही आधी, नोव्हेंबर 2013 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात सांगून टाकलंय की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घेणं बंधनकारक आहे, त्यात पोलिसाची मर्जी चालत नाही. आणि विनयभंग दखलपात्रच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 74, किमान एक वर्ष, जास्तीत जास्त पाच, आणि वर अजामीनपात्र.

हे सगळं मी तिथे बोलून दाखवलं, आणि इथेच घोटाळा झाला. म्हणून पुढचा सल्ला: कायदा माहीत असेल तर चेहऱ्यावर दिसू देऊ नका. "तुम्ही वकील आहात का?" नाही म्हटलं. "मग हे कोणी शिकवलं?" म्हणजे पीडिता कशी हवी, तर रडणारी आणि अडाणी. कलम नंबर सांगणारी बाई दिसली की अंमलदारांना तिच्या मागे एनजीओ दिसायला लागते.

वय शक्यतो तिशीच्या आत ठेवा. मी पन्नाशी ओलांडलेली आहे. "तुमच्याबरोबर?" हे हवालदाराने ज्या सुरात विचारलं, त्यात माझ्यापेक्षा त्या इसमाबद्दल जास्त कणव होती.

मिस्टर बरोबर न्या. नसतील तर भाड्याने आणा.

ठाण्यात जायच्या वेळाही पाळा. सकाळी साहेब मीटिंगला असतात, दुपारी कोर्टात, संध्याकाळी राउंडला, आणि उरलेल्या वेळात बंदोबस्त असतो. विनयभंगाचा जबाब महिला पोलिसानेच घ्यायचा असतो, हे कलम मात्र ठाण्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण "लेडीज स्टाफ नाहीये, उद्या या" म्हणायला ते कामाला येतं. बाईच्या सोयीसाठी केलेली तरतूद बाईलाच परत पाठवायला कशी वापरावी, हे शिकायचं तर आमच्या ठाण्यात या.

आणि मुख्य म्हणजे ओरडा. "ओरडलात का?" हा प्रश्न मला दोन्हीकडे विचारला गेला. मी शर्ट धरला, पण ओरडले नाही. तिथे माझे मार्क गेले. हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात किती जुना आहे ते सांगते. मार्च 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर एका पोलिसाने बलात्कार केला आणि दुसऱ्याने तिचा विनयभंग केला. निकालपत्रातलं तिचं नाव मथुरा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या दोघांना दोषी धरलं. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केल्याचं कोर्टाला पटलं नाही. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, मुंबईतल्या बायका रस्त्यावर उतरल्या, आणि 1983 मध्ये संसदेला कायदा बदलावा लागला. कोठडीत बलात्कार झाला आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने ते खरं मानून चालायचं, अशी सोय आली. म्हणजे आपल्या बलात्काराच्या कायद्यातली पहिली मोठी दुरुस्ती पोलीस ठाण्यात घडलेल्या गुन्ह्यामुळे झाली. आणि इतक्या वर्षांनी ठाण्यातल्या टेबलामागून प्रश्न कुठला येतो, तर ओरडलात का!

बरं, हेल्पलाइनचं म्हणाल तर 112, 103, 181, 139 आणि 1512 हे पाच नंबर पावकीसारखे घोकून ठेवा, आणि हात पडल्यावर त्यातला रेल्वेचा कुठला आणि सिटीचा कुठला ते शांतपणे आठवा.

ऑफिसातल्या बायकांचं बरं आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा म्हणतो की दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई हवी, निम्म्याहून कमी बायका नकोत, बाहेरची एक सदस्य हवी. तुमच्याकडे आहे का ती? असेलच. पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हच्या मागे पोस्टर आहे बघा, त्यावरच्या अध्यक्ष मॅडम नोकरी सोडून कधीच गेल्या. समिती न नेमल्याचा दंड 50,000 रुपयांपर्यंत. दिवाळीला क्लायंटना सुकामेवा पाठवायला कंपनी याहून जास्त घालवते.

घरात मार खाणाऱ्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून ठेवावं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लिहिलंय की अर्ज केल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि तिथून 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा. ज्यांनी अर्ज केलाय त्यांना हे वाचून हसू आलं असेल. हसू दे, तेवढंच.

हे सगळं कुणाला जाचक वाटत असेल तर घाबरू नका, सरकार बघतंय. मुळावर घाव म्हणून नवा कायदा करतंय. नवा कायदा करायची पद्धत ठरलेली आहे. आधी एक प्रकरण पेपरात गाजावं लागतं. मग विधेयकाला एखादं छान तेजस्वी बाईचं नाव द्यायचं. आंध्रने 2019 मध्ये दिशा आणलं, बंगालने 2024 मध्ये अपराजिता, आणि आपण मधल्या काळात शक्ती. डिसेंबर 2020 मध्ये मांडलं, संयुक्त समितीकडे धाडलं आणि डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केलं. एकमताने, बरं का! एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांनी मिळून बाकं वाजवली. अतिगंभीर गुन्ह्याला फाशी, तपास 30 दिवसांत, आणि हो, खोटी तक्रार करणाऱ्याला कैद, ती घालायला कोणी विसरलं नाही. पुढे ते राष्ट्रपतींकडे गेलं आणि मंजुरी काही मिळाली नाही. आजतागायत तो कायदा नाही. पण ज्यांनी बाकं वाजवली त्यांची क्लिप आहे, ती निवडणुकीत फिरते.

पैशांचीही कमी नाही. 2013 च्या अर्थसंकल्पात 1,000 कोटींचा निर्भया निधी आला. त्यातून मुंबई पोलिसांनी 2022 मध्ये बोलेरो गाड्या घेतल्या, बायकांच्या मदतीला लवकर पोचता यावं म्हणून. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बातमी आली की त्यातल्या काही गाड्या आमदार-खासदारांच्या सुरक्षेला दिल्या आहेत. बरोबरच आहे. रात्री एकटं फिरायला आमदारांना भीती वाटत असणार.

असो. माझं पुढे काय झालं ते राहिलं. शेवटी एनसी घेतली. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, जिचा तपास पोलिसांनी स्वतःहून करायचा नसतो. हातात कागद दिला, त्यावर लिहिलंय, "अनोळखी इसमाचा गर्दीत धक्का लागल्याने शाब्दिक वाद झाला." बघा, हात गेला, छाती गेली, पुलाचं चित्रसुद्धा गेलं. उरला शाब्दिक वाद. आणि वाद म्हटल्यावर मी त्यात बरोबरीची भागीदार. मी सही करत नाही म्हटलं तर अंमलदार म्हणाले, "मॅडम, ह्यात तुमचीच बदनामी कमी आहे."

आणि माझं डोकं फिरलं ते इथे, पुलावर नाही.

कारण या देशात नवा कायदा लागत नाहीये हो! निर्भया प्रकरणानंतर न्यायमूर्ती वर्मांच्या समितीने जानेवारी 2013 मध्ये, महिन्याभराच्या आत, अहवाल दिला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे बलात्काराला फाशी नको. दुसरी, बाईची तक्रार लिहून न घेणाऱ्या पोलिसाला तुरुंगात टाका. ही दुसरी गोष्ट त्याच वर्षी कायद्यात आलीसुद्धा. आधी दंड संहितेचं 166 अ होतं, आता न्याय संहितेचं 199 आहे. विनयभंग, बलात्कार, ॲसिडहल्ला असल्या गुन्ह्यांची माहिती नोंदवून घेतली नाही तर त्या सरकारी नोकराला कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं सक्तमजुरी. कमीत कमी सहा महिने! हे कलम कुठल्या ठाण्याच्या भिंतीवर लावलेलं पाहिलंय तुम्ही? भिंतीवर काय असतं, तर महिला दिनाचा फोटो. साहेब, गुलाबाची फुलं आणि चार कॉलेजच्या मुली.

बदलापूरला ऑगस्ट 2024 मध्ये काय झालं? शाळेतच लैंगिक अत्याचार झालेल्या चिमुकल्या पोरी होत्या, त्यांच्या आईबापांना गुन्हा नोंदवण्यासाठी तासन् तास ताटकळत ठेवलं. लोक रुळांवर उतरले, गाड्या बंद पडल्या, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना झापलं. त्या रुळांवरच्या गर्दीचं मागणं काय होतं, तर फाशी. फाशी, फाशी, फाशी. अरे, फाशीच्या आधी खटला लागतो, खटल्याच्या आधी तपास आणि तपासाच्या आधी एफआयआर. ती पहिली पायरीच जो चढू देत नाही त्याचं नाव घ्यायला तुमची जीभ का अडते? तो गणपतीत ओळखीचा पडतो म्हणून?

आमदारांनो, तुम्हाला शिक्षा वाढवायला काही लागत नाही. एका रात्रीत दोन वर्षांची दहा होतात, दहाची जन्मठेप होते. ठाण्यात दुसरी महिला अधिकारी द्यायला पैसे लागतात, पदं भरावी लागतात, आणि त्यासाठी बाकं वाजत नाहीत. म्हणून तुम्ही ते करत नाही. तेवढं कळतं आम्हाला.

आणि पुलावरच्या लोकांनो, तुम्हीही शहाणे नाही. तुम्ही बघितलंत. निळ्या बॅगवाला तर इतका जवळ होता की त्याचा धक्का मला लागला. नंतर त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर "अशांना भर चौकात लटकवलं पाहिजे" असं तुमच्यातल्याच कुणी तरी टाकलं असेल आणि खाली साठ अंगठे आले असतील. लटकवू नका. नाव सांगा आणि साक्षीला या. ठाण्यात त्या लाकडी बाकावर माझ्यासारखी बाई बसलेली दिसली तर तिच्या शेजारी बसा. ती एनसीवर सही करायला लागली तर तिचा हात धरा आणि अंमलदाराला 199 म्हणा, मोठ्याने म्हणा. एफआयआरची प्रत हातात पडल्याशिवाय तिला उठू देऊ नका. ती प्रत तिथल्या तिथे आणि फुकट द्यायची असते. झेरॉक्सचे पैसे मागितले तर देऊ नका.