कंपनी बुडतेय? मग घाई कसली!

सोलापुरातला टॉवेलचा कारखाना गाळात जायला लागला की संचालकाने आधी नवी गाडी बुक करावी. जुन्या गाडीतून उतरलात तर कापडबाजारात, चाटी गल्लीत, बोभाटा होतो आणि सूतवाला उधारी तोडतो.

मग बँकेकडे बघा. गोदामात ४० लाखांचा माल असेल तर २५ टक्के मार्जिन कापून बँक ३० लाखच उचलू देते. तेव्हा बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये बिनधास्त ८० लाख लिहा. अधिकारी तपासणीला आला तर थप्पी आतून पोकळ रचा: दर्शनी रांगेत जॅकार्डचा ताजा माल, मागे रंग उतरला म्हणून परत आलेल्या गाठी. ९० दिवसांपुढची येणी बँक बहुधा धरत नाही, तर बिलावरची तारीखच बदला. जीएसटी विवरणात मूळ तारीख तशीच राहते, पण इतकं कोण बघतंय? (घोटाळे हुडकणारा फॉरेन्सिक ऑडिटर बघतो. तो यायला अजून वेळ आहे की ओ.)

कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ १५ तारखेपर्यंत आणि टीडीएस ७ तारखेपर्यंत भरायचा असतो. तो सुताच्या बिलाला फिरवा. कर्ज कंपनीचं असतं, पण या कापलेल्या पैशासाठी फौजदारी थेट संचालकावर येते. तेवढाच आपला मान.

आता मेहुण्याचं उसनं आधी फेडा आणि चांगले माग भावाच्या फर्मला भंगाराच्या भावात विकून टाका. मागांवर बँकेचा बोजा आहे, हे भावाला कशाला सांगायचं? दिवाळखोरी संहितेखाली नातेवाइकांशी झालेले व्यवहार २ वर्षं मागे जाऊन तपासतात आणि उलटवतात. कंपनी वाचत नाही हे दिसत असूनही उधारी वाढवत नेली, तर न्यायाधिकरण ती भरपाई संचालकाच्या खिशातून वसूल करू शकतं. सुनावणी मुंबईत असते. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रोज रात्री आहेच.

हप्ता चुकला की ३१व्या दिवशी खातं बँकेच्या धोक्याच्या यादीत, म्हणजे एसएमए-१ मध्ये, ६१व्या दिवशी एसएमए-२ मध्ये जातं आणि ९० दिवस उलटले की एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत, होतं. या काळात बँकेचा फोन उचलू नका. फेररचनेचं बोलणं नेमकं याच दिवसांत जमू शकतं, म्हणून तर जपून राहायचं. लघुउद्योगांसाठी २०२१ पासून प्री-पॅकची, म्हणजे दिवाळखोरी संहितेखाली आधीच ठरवून काढलेल्या तोडग्याची, सोय आहे. त्यात कारखाना सहसा तुमच्याच हाती राहतो, पण अर्जाआधी कर्ज देणाऱ्यांना खरे आकडे दाखवून त्यांची संमती घ्यावी लागते. नकोच ते! तारण ताब्यात घेण्याआधीची, सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस आली की 'राहत्या पत्त्यावर नाहीत' असा शेरा मारून घ्या.

शेवटी राजीनामा द्या आणि ड्रायव्हरला संचालक करा. वैयक्तिक हमीपत्रावर सही तुमची आणि बायकोची आहे, राजीनाम्याने ती पुसत नाही. तरी संचालक बदलल्याचा डीआयआर-१२ फॉर्म ३० दिवसांच्या आत भरा. निदान एक तरी काम वेळेत झालेलं दिसेल.