पाणी किती?

पावसाळ्यात कोल्हापुरात "पाणी किती?" एवढंच विचारायचं असतं. कुठलं पाणी, कुठं मोजलेलं, असं विचारणारा हमखास पाहुणा. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, फूट आणि इंच. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, पोरासोरांनाही तोंडपाठ.

यंदा काकांनी हा हिशेब माझ्या लॅपटॉपवर आणला. सकाळी चिठ्ठी आली, ३९.२, म्हणजे ३९ फूट २ इंच. रात्री ३९.१०. पायथॉन या संगणकाच्या भाषेला दोन्ही दशांशच. ३९.१० म्हणजे ३९.१, म्हणजे पाणी उतरलं! आणि इकडं गल्लीतली जनावरं वरच्या अंगाला निघालेली.

यावर उतारा म्हणून पिंट नावाची लायब्ररी, म्हणजे पायथॉनसाठीचा तयार कोड, घेतली. आकड्याला एकक चिकटवायचं, ते हिशेबभर त्याच्या मागंमागं येतं. पायथॉनमध्ये चलांची नावं देवनागरीत चालतात, म्हणून सरळ फूट, इंच अशीच ठेवली. ३९ फूट अधिक १० इंच बरोबर ३९.८३ फूट. वा!

काका मागं उभेच होते. "त्यात दोन वाढव." वाढवले, तर पडदाभर एरर. फुटात बिनएककाचा आकडा मिळवायचा नाही म्हणे.

"काका, दोन काय? फूट का इंच?"

"दोन फूट वाढलं असतं तर मी हितं च्या पीत बसलो असतो व्हय?"

हे त्या लायब्ररीला कोण सांगणार! तिला तर २५ अंश सेल्सिअसमध्ये ५ अंश सेल्सिअस मिळवलेलेही चालत नाहीत. तापमान वेगळं आणि तापमानातला फरक वेगळा. तिचं खरं आहे, पण इतकं खरं घरात परवडत नाही.

राधानगरी धरणाच्या हिशेबानं मात्र अब्रू राखली. एका स्वयंचलित दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट. एक टीएमसी म्हणजे १ अब्ज घनफूट. भागाकार केला, घनफूट आपोआप कटले, सेकंद उरले, त्यांचे दिवस केले: आठ. म्हणजे एका दरवाजातून एक टीएमसी जायला आठ दिवस. काका खूश.

खुशीतच ते उसावर आले. गुंठ्याला दोन टन, तर एकरी किती किलो? गुंठा लायब्ररीला आधी शिकवला, १,०८९ चौरस फूट. उत्तर आलं ७२,५७५.

"ऐंशी हजार पायजेत की रं! चाळीस गुंठं, दोन-दोन टन. सात टन गेला कुठं?"

नुसतं 'टन' लिहिलं की पिंट अमेरिकी टन धरते, ९०७ किलोचा. आपला हजार किलोचा हवा तर 'मेट्रिक टन' असं वेगळं लिहावं लागतं. हे मी नीट समजावून सांगितलं. काकांनी चष्मा काढला.

"म्हंजे काटा तिकडंबी मारत्यात?"