सही न केलेला रिव्ह्यू

फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नल्सची 'केअर' यादी बंद केली, तेव्हापासून आमच्या पुण्याच्या बॅचच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे: आता चांगलं जर्नल ओळखायचं कसं? मी लिहिलं, रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञांनी पेपरवर मारलेले शेरे, सगळ्यांना वाचू द्या, यादीची गरजच पडणार नाही. लगेच उत्तर आलं, "तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय? इथे सरांच्या पेपरवर उघड कोण लिहिणार?"

ते "तिकडे" मला लागलं.

तिकडे, म्हणजे जर्मनीतल्या माइन्त्समध्ये, माझा रोजचा संबंध 'ॲटमॉस्फेरिक केमिस्ट्री अँड फिजिक्स' या जर्नलशी येतो. २००१ साली सुरू झालेल्या या जर्नलच्या उभारणीत पॉल क्रुट्झेन, उलरिश पोश्ल हे वातावरण-रसायनशास्त्रज्ञ होते. प्राथमिक चाळणीनंतर पेपर नेटवर येतो आणि काही आठवडे जाहीर चर्चा चालते. रिव्ह्यूअरचे शेरे, लेखकांची उत्तरं, तिऱ्हाइताने काढलेली चूक, सगळं कायमचं तिथे राहतं. पेपर पुढे नाकारला गेला तरीही. नाव द्यायचं की नाही, ते रिव्ह्यूअरने ठरवायचं. जून २०२५पासून 'नेचर'ही नव्याने येऊन स्वीकारलेल्या पेपरांचे रिव्ह्यू छापतं, तिथेही नावाची सक्ती नाही. आमचा ग्रुप नेमकी हीच गल्लत करतो. उघडा करायचा आहे तो शेरा, माणूस नव्हे.

आणि भिडस्तपणाची सबब मला पटत नाही. टिळक-आगरकर 'केसरी' आणि 'सुधारक'मधून जाहीरपणे भांडले. आम्ही स्वतः 'अनिकेत' कँटीनमध्ये चहावर एकमेकांचे सेमिनार फाडून काढायचो. ते चहा मला अजून आठवतात. इथे लोक फायराबेंडला, म्हणजे काम सुटायच्या वेळेला, लॅपटॉप मिटून निघून जातात, तसं भांडायला कोणी थांबत नाही.

पण एक गोष्ट मी ग्रुपवर लिहिलेली नाही. युरोपातल्या पेपरांवर मी नावानिशी रिव्ह्यू करते, विभागप्रमुखालाही इथे एकेरीत हाक मारते. मागच्या वर्षी मात्र पुण्याचा एक पेपर आला. लेखकांत एक सर होते, ज्यांनी आम्हाला एकच सत्र शिकवलं होतं. संपादकांना मी तसं कळवलं, ते म्हणाले करा. चार मुद्दे काढले, चारही पक्के होते. नावाचा रकाना आला आणि मी तो रिकामा सोडला. बारा वर्षं इथे राहून सरांपुढे मी अजून शेवटच्या बाकावरच होते.

सरांनी "रेफरी २"चे, म्हणजे निनावी माझे, आभार मानून तीन मुद्दे मान्य केले आणि चौथ्यावर दोन पानं भांडले. ते उत्तर मी कितीदा वाचलंय. त्या दोन पानांवर मला सरांशी बोलायचं होतं.