कोळी हा कीटक नव्हे : एक खुलासा

‘कोळी हा आठ पायांचा कीटक असून सगळे कीटक त्याच्यापासूनच उत्क्रांत झाले’ असा संदेश इंदूरमधल्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. तो चुकीचा आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये कोळ्यांना कीटकांतच घातले होते हे खरे, परंतु फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने 1801 मध्ये अष्टपादांचा (कोळी, विंचू अशा आठ पायांच्या प्राण्यांचा) वर्ग वेगळा काढला. माळ्यावरचा कोळी नीट न्याहाळल्यास शरीराचे कीटकांसारखे तीन नव्हे, दोनच भाग दिसतात, आणि तोंडापुढचे दोन आखूड अवयव मिशांसारखे भासले तरी त्या कीटकांना असतात तशा मिशा नव्हेत. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार कीटकांचा उगम सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वीचा असून ते खेकडे-कोळंबीच्या शाखेतून आले. म्हणजे झुरळाचे जवळचे नाते कोळ्याशी नसून कोळंबीशी आहे.