सांगलीचं पाणी, बागलकोटचे आमदार

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर सर्वपक्षीय खासदारांची सात शिष्टमंडळं जगभर गेली. त्यांतल्या दोन शिष्टमंडळांचं नेतृत्व मराठी खासदारांकडे होतं, सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे यांच्याकडे. तेव्हा आमच्या नातेवाइकांत सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. काकांच्या मते हे सगळं सरकारी खर्चाने फिरणं. मामेभाऊ म्हणतो, सत्ताधारी आणि विरोधक एका सुरात बोलले हेच केवढं मोठं! मला भावाचं पटतं. तरी लोकप्रतिनिधींनी सीमेबाहेर जाऊन बोलायचं ते फक्त आपली बाजू मांडायला, इथेच आपली कल्पना थांबते याचं वाईट वाटतं.

मी स्वीडनमधल्या माल्मोत राहते आणि ओरेसुंड पूल ओलांडून कोपनहेगनला कामाला जाते. स्वीडिश नागरिकाला डेन्मार्कमध्ये नोकरीसाठी परवाना लागत नाही. ही सोय १९५४ ची, नॉर्डिक परिषदेच्या सुरुवातीच्या काळातली. ही परिषद म्हणजे स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे अशा उत्तर युरोपातल्या शेजारी देशांच्या लोकप्रतिनिधींनी एकत्र बसायची जागा. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेत ८७ सदस्य आहेत, सगळे आपापल्या कायदेमंडळात निवडून आलेले. काम पक्षगटांतून चालतं, त्यामुळे स्वीडनचा सोशल डेमोक्रॅट डेन्मार्कच्या सोशल डेमोक्रॅटबरोबर बसतो. परिषदेला कायदे करता येत नाहीत. पण तिच्या शिफारशीचं पुढे काय झालं हे सरकारांना सांगावं लागतं आणि अधिवेशनात मंत्र्यांना प्रश्न विचारले जातात.

माल्मोच्या उत्तरेला, किनाऱ्यावर, बार्सेबेकचं अणुवीज केंद्र आहे. कोपनहेगनपासून जेमतेम वीस किलोमीटर. वीज स्वीडनला, धास्ती डेन्मार्कला. डॅनिश लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. शेवटी एक अणुभट्टी १९९९ मध्ये आणि दुसरी २००५ मध्ये बंद झाली. हे श्रेय एकट्या परिषदेला देता येणार नाही, स्वीडनमधलं जनमतही बदललं होतं. पण या शेजाऱ्यांनी १९७४ मध्येच एक करार केला होता: शेजारच्या देशातल्या प्रकल्पामुळे ज्याला त्रास होतो, त्याला त्या देशाच्या न्यायालयात आणि अधिकाऱ्यांपुढे तिथल्या नागरिकाइतक्याच हक्काने उभं राहता येतं.

हे वाचलं तेव्हा मला कृष्णेवरचं, कर्नाटकातलं अलमट्टी धरण आठवलं. माझं माहेर सांगलीचं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आईला पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बोटीत उतरवलं, तेव्हा मी इथे फोन हातात धरून आयर्विन पुलाची पातळी किती फूट, अलमट्टीतून विसर्ग किती क्युसेक, एवढंच बघत होते. पुराला अलमट्टी किती जबाबदार यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. महाराष्ट्र सरकारनेच नेमलेल्या वडनेरे समितीने तिला मुख्य कारण मानलं नाही. तरीही धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायचा विषय निघाला की सांगली-कोल्हापुरात पोटात गोळा येतो. आणि उंची वाढली तर पलीकडे बागलकोटच्या शेतकऱ्याची जमीन बुडणार आहे, हे आपल्याकडे किती जण बोलतात?

सांगलीचे आमदार मुंबईत बोलतात, बागलकोटचे बंगळुरात. समोरासमोर बसायला जागाच नाही. विभागीय परिषदा आहेत, पण त्या मंत्र्यांच्या. त्यातही महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत! उरतं ते लवाद आणि सर्वोच्च न्यायालय, तिथे राज्यं वकिलांच्या तोंडून बोलतात.

नॉर्डिक परिषदेसारखी परिषद म्हणजे जादूची कांडी नव्हे. जानेवारी २०१६ मध्ये निर्वासितांचा ओघ थोपवायला स्वीडनने ओळखपत्रांची तपासणी सुरू केली. मग घरी परतताना कास्ट्रुप स्टेशनवर उतरून रांगेत उभं राहावं लागायचं. परिषदेला ते रोखता आलं नाही. जाब विचारायला जागा मात्र होती.

जिनिव्हातला आंतरसंसदीय संघ १८८९ पासून चालू आहे, भारतही त्याचा सदस्य आहे. तिथले ठराव आपल्या संसदेपुढे ठेवणं हे सदस्यांचं कर्तव्य आहे, असं त्याची घटनाच सांगते. काकांना खर्चाचा हिशेब हवा असेल तर तो असा मागावा: परत आलेल्या खासदारांनी तिथे काय ऐकलं ते सभागृहात मांडावं आणि त्यावर चर्चा व्हावी. आणि कृष्णाकाठच्या दोन्ही राज्यांच्या आमदारांची एक कायमची संयुक्त समिती नेमावी. तिने दर मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, एक वर्ष सांगलीत आणि एक वर्ष बागलकोटात बसावं, धरणांचं वेळापत्रक समोर ठेवावं आणि दोन्हीकडच्या जलसंपदा मंत्र्यांना उत्तरं द्यायला बोलवावं.