पार्टनर पाहिजे

ऑफिसात व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर झालं आणि त्यानंतर प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म पडला. वर लिहायचा संकल्प, खाली ‘अकाउंटेबिलिटी पार्टनर’चं नाव. म्हणजे आपण ठरवलेलं करतोय की नाही, याचा जाब विचारणारा माणूस. संकल्पाचं काही अवघड नव्हतं. रोज पहाटे पर्वती चढायची, असं मी पुण्यात राहायला आल्यापासून ठरवतच आलोय. पायऱ्या १०३, त्याही चांगल्या रुंद. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली वर देऊळ बांधलं, तेव्हापासून पुणेकरांना पहाटे उठायला एक कारण मिळालं आणि न उठायला शंभर. घोडं अडलं ते नावापाशी.

शिबिरवाल्या सरांनी अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनचा दाखला दिला होता. हा गृहस्थ वहीत सद्गुणांची यादी करून रोज रात्री चुकलेल्या गुणापुढे ठिपका काढायचा. यादीत आधी बाराच गुण होते. मग क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्राने त्याला सांगितलं, की लोक तुला गर्विष्ठ समजतात. तेव्हा त्याने नम्रता हा तेरावा घातला. सरांना यात मैत्रीचं मोठं मर्म दिसलं. मला फक्त त्याच्या गावच्या, फिलाडेल्फियाच्या लोकांची दया आली. आमच्याकडे एवढ्यासाठी खास क्वेकर मित्र जोडावा लागत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जरा तिरकी लावून बघा, तेरापैकी किती गुण आपल्यात नाहीत ते लिफ्ट येईपर्यंत कळतं.

बायकोला विचारलं. “ते काम मी लग्नापासून करतेय, आता फॉर्म कसला भरतोस?” म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

मग शाळेतला मित्र. जिवाभावाचा, सहकारनगरात राहणारा, म्हणजे पर्वतीच्या अगदी पायथ्याशी. ठरलं असं, की दोघांनीही चढायचं, आणि ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने पायरीवरून फोटो पाठवायचा. पहिल्या दिवशी पाचला त्याचा फोन आला.

“झोपलायस ना?”

“हो.”

“मीपण. झोप.”

इतकी समजूतदार माणसं मैत्रीला उत्तम, पण या कामाला कुचकामी. पुढे मात्र त्याचे फोटो यायला लागले. रोज नवा टी-शर्ट, कपाळावर घाम, अंगठा वर. मी मनातून खजील. मग एकदा फोटो मोठा करून पाहिला. मागच्या पायरीवर एक तांबडं कुत्रं झोपलेलं होतं. आदल्या दिवशीच्या फोटोतही होतं. त्याच्या आधीच्याही. तीच कूस, तोच दुमडलेला कान, आणि शेपटाजवळ तोच बिस्किटाचा कागद. एका रविवारी पिशवीत टी-शर्ट भरून गेला असणार पठ्ठ्या! मी काही बोललो नाही. ‘वा, मस्त’ असं कळवलं. उद्या मलाही कुत्रं लागलं तर?

ऑफिसातल्या एका उत्साही पोराने आपणहून तयारी दाखवली. त्याने एक्सेल शीट केली, चुकलेला दिवस लाल होणारी. सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर “सर, रूट कॉज काय?” असं त्याने विचारलं, तिथेच ते प्रकरण मिटवलं. माझ्या झोपेचं रूट कॉज मी मॅनेजरसमोर मांडणार नाही.

शेवटी हे सगळं ऐकत केर काढणाऱ्या मावशी म्हणाल्या, “दादा, नुसतं विचारून कुठं कोण सुधारतंय? दंड लावा.” मावशी बचत गटात आहेत. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, वगैरे मी त्यांना ऐकवणार होतो, त्यांनी थांबवलं. “ते असेल. आमच्यात बैठक चुकवली की दहा रुपये. म्हणून सगळ्या येतात. पोरगं तापलेलं असलं तरी कडेवर घेऊन येतात.”

दंड ठरला, वीस रुपये. जमा मावशींच्या हातात. निंदकाचं घर शेजारी असावं म्हणतात. इथे तर निंदकाकडे घराची किल्ली होती. सकाळी आल्या की मावशी दारातला माझा बूट उचलून उलटा करत, तळव्यावरून बोट फिरवत आणि ते बोट मला दाखवत. स्वच्छ. काढा वीस. अशी तपासणी आमच्या ऑडिटरनेही कधी केली नाही. धाकाने मी खरंच चढायला लागलो. वर पोचून पुणं बघत होतो, धापा टाकत होतो, तांबडं कुत्रंही प्रत्यक्ष भेटलं.

पण मग मावशी हळूहळू मायाळू व्हायला लागल्या. “ढग आलेत दादा, भिजाल.” “काल गुडघा धरून चालत होता, आज राहू दे.” एकदा तर नेहमीपेक्षा तासभर आधी येऊन, मी बुटाची नाडी बांधत असताना त्यांनी आल्याचा चहा पुढे ठेवला. वर खारी. बसलो. चहा संपेपर्यंत उजाडलं, आणि मावशींनी शांतपणे हात पुढे केला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, मावशी, नियम उलटा करू. मी गेलो तर तुम्हाला वीस, नाही गेलो तर काही नाही.

त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली, विचार केला. “म्हणजे मलाच रोज पाचला येऊन तुम्हाला उठवावं लागणार,” त्या म्हणाल्या. “त्याचे चाळीस होतील.”