झाड नको, फोटो बघून घ्या

जून उजाडला, दोन बऱ्या सरी पडल्या की आपल्यातल्या निम्म्या लोकांना अचानक आठवतं की आपण मुळात शेतकरी आहोत. गावाकडे दोन गुंठे पडीक आहेत, नाहीतर सोसायटीच्या मागे कंपाउंडला लागून जागा आहे, अगदीच काही नाही तर गच्चीवर एक निळा ड्रम आहेच. मग मोबाइल काढायचा आणि फळझाडं ऑर्डर करायची. माझा या विषयात आठ वर्षांचा अनुभव आहे, पैसे घालून मिळवलेला आहे, तो तुम्हाला फुकट देतोय तर नीट वाचा.

पहिली गोष्ट, चुकूनही नर्सरीत जाऊ नका. तिथे मालक नावाचा एक माणूस बसलेला असतो आणि तो प्रश्न विचारतो. जमीन कसली आहे, पाणी साचतं का, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, वारा किती. तुम्ही हापूस मागायला गेलात तर म्हणतो, तुमच्याकडे घाटावर केशर लावा, हापूस कशाला. म्हणजे पैसे आपले, जमीन आपली आणि अक्कल याची. ॲपचं तसं नसतं. ॲप फक्त पिनकोड विचारतं, आणि तुम्ही माणदेशात राहून जायफळ मागवलंत तरी चकार शब्द न बोलता 'अभिनंदन, ऑर्डर कन्फर्म' म्हणतं. इतका मान आपल्याला घरात तरी मिळतो का?

माझं गाव दापोली तालुक्यात. तिथे कोकण कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासून आहे. रत्ना नावाचा आंबा तिथलाच, नीलम आणि हापूसचा संकर, त्यात साका होत नाही, म्हणजे वरून चांगला आणि आतून गर खराब असं होत नाही, म्हणून लोक नाव काढतात. विद्यापीठात कलमं विकतसुद्धा मिळतात. आमच्या गावच्या घरापासून स्कूटरवर वीस मिनिटं. असं गाव असताना मी पुण्यात बसून हापूसचं कलम कुठून मागवलं असेल? बरोबर, दीड हजार किलोमीटरवरून. जवळच्या वस्तूची किंमत नसते हो माणसाला, आणि शिवाय पन्नास रुपयांचं कुपन होतं.

आता निवड कशी करायची ते सांगतो. फोटो बघायचा. कुंडीत गुडघ्याएवढं झाड आणि त्याला तीस-चाळीस आंबे लटकलेत असा फोटो असेल तर डोळे मिटून घ्या. डोळे उघडे ठेवले तर त्यातल्या तीन आंब्यांवर एकाच जागी एकच काळा डाग दिसतो, म्हणून मिटून. नाव जितकं लांब तितकं झाड चांगलं. नुसतं 'आंबा कलम' लिहिलंय तर सोडून द्या, 'ओरिजनल थाई बारमाही हायब्रिड ग्राफ्टेड लाइव्ह प्लांट, एक ते दोन फूट, पॅक ऑफ वन' असं पाहिजे. हे एक ते दोन फूट मातीच्या गोळ्यापासून आधाराच्या काठीच्या टोकापर्यंत मोजतात, ते मला नंतर कळलं. आणि खाली बारीक अक्षरात 'चित्र केवळ संदर्भासाठी' असतं, ते वाचायचं नाही, ते वकिलांसाठी असतं.

रिव्ह्यू मात्र जरूर वाचा. चार पॉइंट तीन रेटिंग, बाराशे लोकांनी लिहिलंय, 'पॅकिंग मस्त', 'डिलिव्हरी टाइमवर', 'झाड हेल्दी वाटतंय'. सगळे डिलिव्हरीच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले. हापूसच्या कलमाला नीट फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात, मधे मोहर आला तरी जाणती माणसं खुडून टाकतात, झाड आधी वाढू दे म्हणून. आणि रिटर्नची मुदत सात दिवस. हा जो सात दिवस आणि सहा वर्षं यांच्यामधला मोकळा माळ आहे ना, तिथेच हा सगळा धंदा उभा आहे, आणि काय सुंदर उभा आहे! साडी फाटकी निघाली तर संध्याकाळी कळतं, मिक्सर खराब निघाला तर चटणीच्या वेळी कळतं, पण आंबा वेगळा निघाला हे कळेपर्यंत तुमचा मोबाइल तीनदा बदललेला असतो आणि ईमेलचा पासवर्डही आठवत नसतो.

आता आंतरराष्ट्रीय दर्जाचं काही हवं असेल तर मियाझाकी घ्या. बातमी वाचलीच असेल, अडीच-पावणेतीन लाख रुपये किलो. रोप तीनशे नव्व्याण्णवला मिळतंय, म्हणजे एका आंब्यात पाच वर्षांचा मेंटेनन्स सुटला. काही कटकटे लोक सांगतील की तो मुळात अर्विन नावाचा फ्लोरिडाचा आंबा आहे आणि पैसा झाडात नसून जपानमधल्या त्या शेतकऱ्याच्या मेहनतीत आहे, हरितगृहात झाडं वाढवायची, एकेका फळाला जाळी बांधायची, फळ पिकून आपोआप त्या जाळीत गळेपर्यंत थांबायचं, मग रंग, वजन, गोडी मोजायची, त्यात पास झालेल्या फळांनाच ते भारीतलं नाव आणि लिलावातले भाव. असलं ऐकायचं नाही. आपल्याकडे जाळी आहे, कबुतरांची.

सफरचंदही घ्या. पूर्वी आपल्याकडे सफरचंद होत नाही म्हणायचे कारण त्याला थंडीचे शेकडो तास लागतात, पण हिमाचलात बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत येणारी एचआरएमएन-९९ ही जात शोधली, ती खरी आहे, आणि नेमकी खरी असल्यामुळेच तिच्या नावावर आता कुठलीही काडी विकता येते. माझ्याकडे आलेल्या काडीला पाच वर्षांत पानं आली, पानं गळली, परत पानं आली. एकदा एक फूल आलं होतं, त्याचा फोटो आहे, कोणाला हवा असेल तर पाठवतो. पपईबद्दल जास्त बोलत नाही. बी आणलंत तरी रोप आणलंत तरी फुलं येईपर्यंत नर की मादी ते कळत नाही, माझे तिन्ही नर निघाले. घरात आधीच तिघं होतो, सहा झालो.

बरं, आता डिलिव्हरी. बॉक्स दारात आला की आधी उघडायचा नाही. आधी व्हिडिओ. सलग पाहिजे, मधे कट चालत नाही, लेबल दिसलं पाहिजे, नाहीतर क्लेम रिजेक्ट. म्हणजे एका हातात फोन, दुसऱ्या हातात कात्री, आणि तिसऱ्या हाताने बॉक्स धरायचा. माझा बॉक्स नवव्या दिवशी आला होता, त्यातले चार दिवस तो कुठल्याशा गोडाऊनमध्ये 'आउट फॉर डिलिव्हरी' होता. वर इतकी सेलोटेप की आत झाड आहे की कैदी, कळेना. आत ओला होऊन वाळलेला पेपर, कुठल्या भाषेतला ते ओळखू येईना, त्याच्या आत प्लास्टिक, त्याच्या आत लाल मातीचा मुठीएवढा गोळा, जो हातात घेताच अर्धा सांडला. त्यातून वर आलेली करंगळीएवढी जाड काडी, वीतभर वर कलमाचा जोड, जोडाला प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळलेली, आणि जोडाच्या वर तीन पानं, तपकिरी, पापडासारखी. एक पान हललं म्हणून मला आनंद झाला, पण त्याच्याखाली मुंग्या होत्या. त्यांचा प्रवास सुखरूप झाला होता.

कस्टमर केअरशी बोलताना संयम ठेवा. मी म्हटलं झाड मेलेलं आलंय, तर समोरून आलं, 'सर, प्लांट ट्रान्झिट शॉकमध्ये आहे, पंधरा दिवस सावलीत ठेवा, नवीन पालवी येईल.' मी म्हटलं रिटर्नची मुदत सात दिवस आहे. तर म्हणे, 'हो सर, आणखी काही मदत करू शकतो का?'

१९६९ चा कायदा आहे आपल्याकडे, फळझाडांच्या रोपवाटिकांना परवाना लागतो, कलमाची काडी कुठल्या मातृवृक्षाची घेतली त्याची नोंद ठेवावी लागते वगैरे. माझ्या बॉक्सवरच्या पत्त्यात फक्त गोडाऊनचा नंबर होता, आणि मातृवृक्षाची चौकशी करणं मला असभ्यपणाचं वाटलं. कोणाची आई काढू नये.

पण गंमत म्हणजे ट्रान्झिट शॉकवाला बरोबर निघाला. अठराव्या दिवशी पालवी आली! लालसर, चकचकीत, कोवळी. मी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, सत्तावीस हार्ट आले. दापोलीचे काका त्या वेळी पुण्याला आमच्याकडेच आले होते, त्यांनी चष्मा वर सरकवला, खाली वाकून काडीकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे मेल्या, ही जोडाच्या खालनं फुटल्ये. वरचं मेलंय ते. हा नुसता खुंट जगलाय."

"म्हणजे काय, काका?"

"म्हणजे रायवळ. कसल्या तरी कोयीचं झाड. हापूस होता तो वरची काडी होती, ती गेली."

ज्येष्ठांचं ऐकावं पण मनावर घेऊ नये. मी झाड गावी नेलं, एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा काढला, म्हणजे गड्याकडून काढून घेतला, शेणखत घातलं आणि उन्हाळाभर पाणी घालायची जबाबदारी अर्थातच काकांवर टाकली. कुंपणाला पाटी लावली, 'हापूस'. काका रोज त्या पाटीखाली हंडा ओतायचे आणि काही बोलायचे नाहीत, तेच जास्त लागायचं.

यंदा मे महिन्यात पहिल्यांदा फळ धरलं. अकरा आंबे. लहान, हिरवे, आत दोरेच दोरे, आणि पिकल्यावरही असे आंबट की एक डोळा आपोआप मिटतो. काकीने त्याचं रायतं केलं, ते मात्र अफाट झालं, मी तीनदा घेतलं. त्याच रात्री प्रामाणिकपणे रिव्ह्यू लिहावा म्हणून आठ वर्षांपूर्वीची ऑर्डर शोधून काढली. ते दुकान अजून आहे. आता मोबाइलची कव्हरं विकतात. रेटिंग चार पॉइंट तीनच आहे.

सकाळी निघताना काका म्हणाले, "खुंट बाकी दणकट झालाय हो. पाऊस पडला की वरनं छाटतो आणि परड्यातल्या आपल्या हापूसची काडी भरून देतो, दोन-तीन वर्षांत आंबे खाशील. पैसे नकोत."

मी म्हटलं, "काका, ते ठीक आहे, पण फोटो पाठवता का आधी?"